एका निवडणुकीत देशाची पक्षव्यवस्था खरंच बदलते का? आणि बदलली हे कळतं कधी?

मतमतांतर

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. कुठल्याही देशात मोठा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं कानावर येतात, ऐतिहासिक कौल, अमुक पक्ष संपला, राजकारणाचा नकाशाच बदलला वगैरे. आणि तीन-चार वर्षांनी बघावं तर तो संपलेला पक्ष परत सत्तेत बसलेला असतो. उलट कधी कधी ज्या निकालाचं कुणाला फार काही वाटलं नव्हतं त्याच्यानंतर पंचवीस-पंचवीस वर्षं काहीच पहिल्यासारखं राहत नाही.

आधी एक फरक सांगून ठेवतो कारण चर्चा नेहमी इथेच भरकटते. सरकार बदलणं वेगळं आणि पक्षव्यवस्था बदलणं वेगळं. पक्षव्यवस्था म्हणजे खरोखर शर्यतीत असलेले पक्ष किती, कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसू शकतो आणि मुख्य म्हणजे भांडण कशावरून चाललंय. दोन पक्ष आलटून पालटून सत्तेत येत असतील तर सरकार दहा वेळा बदलूनही व्यवस्था तीच राहते.

माझ्या डोक्यात ठसलेलं उदाहरण म्हणजे कॅनडा, २५ ऑक्टोबर १९९३. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, देशाच्या स्थापनेपासूनच्या दोन मुख्य पक्षांपैकी एक, १९८४ ला २८२ पैकी २११ जागा, १९८८ ला २९५ पैकी १६९ आणि १९९३ ला २. दोनशे नाही, वीस नाही, दोन. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःच्या व्हँकुव्हरच्या मतदारसंघात पडल्या. जे दोघं वाचले ते म्हणजे फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतातले जाँ शारे आणि न्यू ब्रन्सविकमधल्या एल्सी वेन. तिथल्या संसदेत अधिकृत पक्षाचा दर्जा मिळायला १२ खासदार लागतात, त्यामुळे सत्तेतल्या पक्षाला एका रात्रीत तोही दर्जा उरला नाही.

आता गंमत बघा, मतं काही शून्य झाली नव्हती. १६ टक्के मतं होती त्यांना. ब्लॉक क्यूबेकवा नावाच्या नव्या पक्षाला देशभरात मिळून साडेतेरा टक्केच, पण ती सगळी एकट्या क्यूबेकमध्ये, म्हणून त्यांच्या ५४ जागा आणि ते थेट अधिकृत विरोधी पक्ष. म्हणजे देशातून फुटून निघायचं म्हणणारा पक्ष देशाच्या संसदेत प्रमुख विरोधी पक्ष झाला! पश्चिमेकडे रिफॉर्म पक्षाला ५२. लिबरल १७७ जागा घेऊन सत्तेत. जास्त मतं मिळवेल तो निवडून येणार या पद्धतीत सोळा टक्के मतं देशभर पातळ पसरलेली असली की ती जवळपास वाया जातात हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

माझं म्हणणं असं की हे सगळं त्या रात्री घडलं नाही. कॅम्पबेल यांच्या आधीचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी पश्चिमेकडच्या अल्बर्टातले कट्टर उजवे आणि क्यूबेकमधले राष्ट्रवादी यांना एका छपराखाली आणलं होतं. क्यूबेकला घटनेत वेगळं स्थान देणारा मीच लेक करार १९९० ला बारगळला, ल्यूसियाँ बुशार मंत्रिपद सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ब्लॉक काढला. पश्चिमेकडच्यांना वाटत होतं की सगळं क्यूबेकचंच चाललंय, त्यांनी १९८७ लाच प्रेस्टन मॅनिंगच्या नेतृत्वाखाली रिफॉर्म काढला होता. त्यात १९९१ ला ७ टक्क्यांचा जीएसटी. घर आतून रिकामं झालं होतं, त्या रात्री फक्त दार उघडून सगळ्यांना दाखवलं गेलं.

तर माझा मुद्दा : व्यवस्था बदलली का नाही हे त्या निकालावर ठरत नाही, पुढच्या निवडणुकीत ठरतं. हरलेल्याला परत उभं राहायला जागा उरली आहे का, हे बघायचं. तुम्हाला काय वाटतं?

---

दूरदेशी

उत्तम धागा. मी तेव्हा टोरोंटोत शिकत होतो, नागरिक नसल्यामुळे मतदान नव्हतं पण बघायला सगळं मिळालं. दोन गोष्टी अजून डोळ्यासमोर आहेत.

एक म्हणजे ती जाहिरात. लिबरल नेते जाँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणच्या आजारामुळे लुळी आहे, बोलताना तोंड एका बाजूला जातं. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात सत्ताधाऱ्यांनी त्यांच्या चेहऱ्याचे जवळून काढलेले फोटो दाखवून असा माणूस पंतप्रधान म्हणून चालेल का अशा अर्थाची जाहिरात टीव्हीवर लावली. लोक इतके भडकले की ती लगेच मागे घ्यावी लागली. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो ते गृहस्थ आयुष्यभर कॉन्झर्व्हेटिव्ह, दर निवडणुकीत घरापुढच्या हिरवळीवर निळी पाटी लावायचे. त्या वर्षी पाटी लागली नाही. कुणाचीच लागली नाही. मी विचारलं तर म्हणाले, कुणाची लावू ते कळत नाहीये. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

दुसरी म्हणजे निकालाची रात्र. तेव्हा कायदा असा होता की तुमच्या भागातलं मतदान संपेपर्यंत पूर्वेकडचे निकाल तुम्हाला दाखवायचे नाहीत. त्यामुळे आमच्याकडे टीव्हीवर निकाल सुरू झाले तेव्हा अटलांटिक किनाऱ्याचं चित्र आधीच तयार होतं, ३२ पैकी ३१ लिबरल. आमच्या ऑन्टारिओत मग ९९ पैकी ९८ लिबरल. मालक शांतपणे उठले आणि झोपायला गेले.

पण एक सांगतो, ऑन्टारिओत उजव्यांची मतं कमी झाली नव्हती. रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यात ती फुटली आणि मधल्या मधे लिबरल निघून गेले. हे १९९७ ला झालं, २००० ला परत झालं. शेवटी डिसेंबर २००३ मध्ये दोघं विलीन झाले, तोवर दहा वर्षं आणि तीन निवडणुका गेल्या. म्हणजे पुढच्या एका निवडणुकीत ठरतं हे तुमचं म्हणणं कॅनडाला तरी पुरत नाही.

---

आकडेमोड

दूरदेशींचा प्रतिसाद वाचून मी एक हिशोब करून बघितला आणि उत्तर बघून थक्क झाले.

पक्षव्यवस्थेत खरे पक्ष किती हे मोजायची एक पद्धत आहे, लाक्सो आणि तागेपेरा या दोन अभ्यासकांनी १९७९ ला मांडलेली. सोपी आहे. प्रत्येक पक्षाच्या जागांचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण जागांच्या वर्गाला त्या बेरजेने भागायचं. मोठ्या पक्षाचं वजन जास्त पडतं, एक-दोन जागावाले जवळपास मोजलेच जात नाहीत. दोन पक्षांना निम्म्या निम्म्या जागा असतील तर उत्तर बरोबर २ येतं.

कॅनडा १९८८ : जागा १६९, ८३, ४३. वर्गांची बेरीज २८५६१ + ६८८९ + १८४९ = ३७२९९. एकूण २९५ चा वर्ग ८७०२५. भागाकार २.३३.

कॅनडा १९९३ : जागा १७७, ५४, ५२, ९, २ आणि एक अपक्ष. बेरीज ३७०३५. भागाकार २.३५.

बघितलंत? जगातल्या संसदीय लोकशाह्यांमधल्या सगळ्यात मोठ्या उलथापालथींपैकी एक आणि हा आकडा जागचा हलत नाही. सत्तेतला पक्ष भुईसपाट, दोन नवे पक्ष शेकड्याने जागा घेऊन आत आणि गणित म्हणतंय काही झालंच नाही. मतांवरून हाच हिशोब केला तर तीनवरून जवळजवळ चारवर जातो, म्हणजे मतदार विखुरला होता पण जागावाटपाच्या पद्धतीने ते झाकून टाकलं. तेव्हा पक्ष किती हे मोजून व्यवस्था बदलली का हे कळत नाही, ते पक्ष कोणते आणि ते कशावरून भांडतात हे बघावंच लागतं. १९८८ ला भांडण अमेरिकेशी मुक्त व्यापार करायचा का नाही यावर होतं, १९९३ नंतर ते क्यूबेक राहणार का जाणार आणि पश्चिमेला काय मिळणार यावर गेलं.

---

मतमतांतर

आकडेमोड, हे फारच भारी आहे. आणि दोन्ही नव्या पक्षांना मिळून १०६ जागा, म्हणजे शेकड्याने हे अक्षरशः खरं.

दूरदेशी, मान्य. पुढच्या एका निवडणुकीत हे घाईचं होतं. तरी १९९७ ला कॉन्झर्व्हेटिव्ह २० वर अडकले आणि रिफॉर्म ६० वर गेला तेव्हाच जुनं परत येणार नाही हे दिसलं होतं असं मला वाटतं.

---

काठावरचा

मला हा सगळा विचारच उलटा वाटतो. निवडणूक काही बदलत नाही हो, मतदार बदलतो नाहीतर कायदा बदलतो आणि निवडणूक फक्त पावती फाडते.

ब्रिटनचं घ्या. लिबरल पक्ष १९०६ ला प्रचंड बहुमताने आला आणि १९२४ ला ४० जागांवर. सगळे म्हणतात लेबरने खाल्लं. पण मधे १९१८ चा कायदा आहे, २१ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना आणि तिशीवरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं, मतदार साधारण ७७ लाखांवरून २ कोटी १४ लाखांवर गेले. जवळजवळ तिप्पट! तीनपैकी दोन मतदार असे की ज्यांनी त्याआधी लिबरल पक्षाला कधी मत दिलेलंच नाही, त्यांची कसली आलीये निष्ठा? कामगार वस्तीतल्या पहिल्यांदा मत देणाऱ्या माणसाला लेबर जवळचा वाटला यात नवल काय.

---

पाऊलखुणा

काठावरचा, तुमचा आकडा बरोबर आहे पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. लिबरल पक्ष १९१६ च्या डिसेंबरातच दुभंगला होता, पंतप्रधान ॲस्क्विथना बाजूला करून लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि १९१८ ची निवडणूक एकाच पक्षाच्या दोन गटांनी एकमेकांविरुद्ध लढवली. लॉइड जॉर्ज कॉन्झर्व्हेटिव्हांबरोबर युतीत. नवे मतदार आले तेव्हा त्यांचं स्वागत करायला लिबरल घरात कुणी धड नव्हतंच. नवा मतदार येणं आणि जुना पक्ष त्याच वेळी फुटलेला असणं हे दोन्ही एकत्र आलं म्हणून घात झाला.

आणि १९२३ विसरू नका. कॉन्झर्व्हेटिव्ह २५८, लेबर १९१, लिबरल १५८. म्हणजे डिसेंबर १९२३ पर्यंत लिबरल ३० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिवंत होते. त्यांनी लेबरचं पहिलं अल्पमतातलं सरकार येऊ दिलं, रॅम्से मॅकडोनल्ड पंतप्रधान झाले आणि दहाच महिन्यांत परत निवडणूक लागली. लेबर राज्य चालवू शकतं हे लोकांनी बघितलं, लेबर नको असणारे सरळ कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेले आणि मधल्याला कुणी वाली उरला नाही. ४० जागा. तिसऱ्या पक्षाला या पद्धतीत जे भोगावं लागतं ते तेव्हापासून ते भोगतायत.

माझ्या मते इथे निवडणुकीनेच काम केलं. १९२३ चा निकाल थोडा वेगळा लागता, लिबरल १९१ आणि लेबर १५८ असा, तर मतदार तेच असूनही पुढचं शतक वेगळं दिसलं असतं.

---

नवखा_वाचक

फार छान चर्चा. एक बाळबोध प्रश्न विचारतो, आपल्याकडचं १९७७ यात कुठे बसतं? ते तर सगळ्यात मोठं ना, काँग्रेस पहिल्यांदा केंद्रात हरली.

---

पाऊलखुणा

बाळबोध अजिबात नाही, मला वाटतं या धाग्याचा सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे.

मार्च १९७७. काँग्रेस १५४ वर. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून पराभूत. आणीबाणीनंतरची निवडणूक, त्यामुळे तो क्षण केवढा मोठा होता हे वेगळं सांगायला नको. पण व्यवस्था म्हणून बघाल तर जानेवारी १९८० मध्ये काँग्रेस ३५३ जागा घेऊन परत. तीन वर्षं सुद्धा पूर्ण नाही.

का परत आली? मतमतांतर म्हणतात तसं, उभं राहायला जागा होती म्हणून. १९७७ लाच आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसच्या, कर्नाटकात २८ पैकी २६. उत्तरेत सुपडा साफ पण दक्षिणेत घर शाबूत. इंदिराबाई १९७८ ला पोटनिवडणुकीत निवडून आल्या त्या चिकमगळूरमधून, कर्नाटकातून. देशभर मिळून साडेचौतीस टक्के मतं होती. कॅनडात जे १६ टक्के पातळ पसरले होते त्याच्या बरोबर उलट.

आणि समोर जनता पक्ष, म्हणजे संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोक दल, समाजवादी, सगळे घाईघाईत एका चिन्हावर उभे, तेही लोक दलाचं नांगरधारी शेतकऱ्याचं चिन्ह. एकत्र आणणारी गोष्ट एकच होती आणि ती मतमोजणीच्या दिवशी संपली. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला.

आता १९८९ बघा. तेव्हा कुणी पक्षव्यवस्था बदलली असं म्हटलं नाही, सगळं लक्ष बोफोर्सवर आणि व्ही. पी. सिंगांवर. काँग्रेसला १९७ जागा, म्हणजे १९७७ पेक्षा जास्त! साडेएकोणचाळीस टक्के मतं, सगळ्यात मोठा पक्ष. जनता दल १४३, भाजप आदल्या वेळच्या २ वरून ८५. वरवर बघितलं तर काँग्रेसचा पराभव १९७७ पेक्षा सौम्य. पण तिथून २०१४ पर्यंत, पंचवीस वर्षं, कुठल्याही पक्षाला लोकसभेत एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं नाही. उत्तर प्रदेशात काँग्रेस ८३ वरून १५ वर आली, बिहारमध्ये ४८ वरून ४ वर, आणि या वेळी ती जागा भरून आलीच नाही. १९७७ ला उत्तरेतला मतदार रागावून गेला होता, राग गेल्यावर आला. १९८९ नंतर तो दुसऱ्या घरात राहायला गेला. मंडल, मंदिर हे पुढच्या वर्षा-दीड वर्षात पेटलं आणि भांडण कशावरून हेच बदललं.

---

आकडेमोड

पाऊलखुणांच्या आकड्यांवर तोच हिशोब केला. लोकसभेत १९८० ला उत्तर दोनच्या थोडं वर, १९८४ ला दीडच्या जरा वर (४०४ जागा एकाच पक्षाला, दुसरं काय येणार) आणि १९८९ ला चारच्या वर. म्हणजे इथे मात्र आकडा ओरडून सांगतोय. कॅनडात सांगत नव्हता. जरा जपूनच वापरायला हवं हे मोजमाप.

---

काठावरचा

पाऊलखुणा, १९७७ ला इतकं हलकं करू नका. त्या निवडणुकीने जनसंघवाल्यांना पहिल्यांदा केंद्रात मंत्रिपदं मिळाली, वाजपेयी परराष्ट्रमंत्री, अडवाणी माहिती आणि नभोवाणी. जनता पक्षातून फुटून एप्रिल १९८० ला भाजप निघाला. जनता दलात पुढे दिसलेले कितीतरी चेहरे त्याच तालमीतले. १९८९ चं पीक १९७७ ला पेरलेलं होतं. निकाल परत फिरला म्हणजे काहीच झालं नाही असं होत नाही.

---

पाऊलखुणा

हे मान्य, शंभर टक्के. माझ्याकडून ते राहून गेलं. नुसती पुढची निवडणूक बघितली तर १९७७ फुकट गेलं असं वाटेल, बारा वर्षांनी बघितलं तर वेगळंच दिसतं.

---

ओंजळ

उशिरा येतेय पण इटलीशिवाय हा धागा अपुरा वाटला असता म्हणून लिहितेय.

तिथे १९४६ पासून प्रत्येक सरकारात ख्रिश्चन डेमोक्रॅट्स. सरकारं वर्षा-वर्षाला पडायची पण पक्ष तोच, कारण दुसऱ्या क्रमांकावर पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष आणि शीतयुद्धात त्याला सत्तेत येऊ द्यायचं नाही हे ठरलेलं. म्हणजे ज्यांना सत्ताधारी आवडत नव्हते ते सुद्धा भीतीपोटी त्यांनाच मत देत होते. १९८९ ला बर्लिनची भिंत पडली, १९९१ ला कम्युनिस्टांनी नाव आणि चिन्ह दोन्ही बदललं. भीतीच संपली. मग भ्रष्टाचार का सहन करायचा?

१७ फेब्रुवारी १९९२. मिलानमधल्या एका वृद्धाश्रमाचा प्रमुख मारियो किएझा, समाजवादी पक्षाचा माणूस, ७० लाख लिरांची लाच घेताना पकडला. पोलीस आत आले तेव्हा त्याने दुसऱ्या लाचेच्या नोटा संडासात टाकून पाणी सोडायचा प्रयत्न केला. पक्षाने सुरुवातीला हात झटकले की हा एकटाच लबाड आहे. तो बोलायला लागला आणि एकेक कंत्राटदार, एकेक पुढारी, दोन वर्षांत अख्खी राजकीय पिढी चौकशीत आली. ३० एप्रिल १९९३ च्या संध्याकाळी समाजवादी नेते आणि माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी रोममधल्या हॉटेलातून बाहेर पडले तेव्हा जमलेल्या लोकांनी त्यांच्यावर नाणी फेकली. चिल्लर. हे पण घेऊन जा अशा अर्थाने. मला ते दृश्य बघताना अजूनही कसंतरी होतं कारण त्यात राग आहेच, पण फसवल्या गेलेल्या माणसाचं दुःख पण आहे.

त्याच एप्रिलमध्ये सार्वमत झालं, ऑगस्टमध्ये नवा निवडणूक कायदा आला, तीन-चतुर्थांश जागा थेट मतदारसंघातून. जानेवारी १९९४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट्सनी पक्षच विसर्जित केला. मार्चच्या शेवटी मतदान झालं आणि जिंकला कोण तर काही महिन्यांपूर्वी जन्मलेला बर्लुस्कोनींचा फोर्झा इतालिया, मित्रपक्षांसकट.

आता मतमतांतर, तुमच्या घराच्या उपमेत हे बसवा. इथे निकालाच्या रात्री दार उघडून दाखवायलाच काही नव्हतं, घर मतदानाच्या आधीच पाडलं होतं. मतदार केंद्रावर गेला तेव्हा त्याचा आयुष्यभराचा पक्ष मतपत्रिकेवर त्या नावाने नव्हताच. त्यामुळे काठावरचा यांचं पावतीवालं म्हणणं मला इटलीपुरतं तरी पूर्ण पटतं.

---

काठावरचा

ओंजळताई, तुम्ही माझी बाजू घेतलीत आणि मी आता स्वतःच्याच विरुद्ध उदाहरण देतो, प्रामाणिकपणे द्यायलाच हवं.

जपान १९९३. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष (एलडीपी) १९५५ पासून सलग सत्तेत, समोर कायमचा विरोधक समाजवादी पक्ष. जूनमध्ये पक्षातलाच ओझावा-हाता गट फुटला, पंतप्रधान मियाझावांवर अविश्वास ठराव मंजूर झाला, जुलैत निवडणूक. सत्ताधाऱ्यांना ५११ पैकी २२३, बहुमत गेलं आणि आठ गटांच्या आघाडीचे होसोकावा पंतप्रधान. सगळ्यांना वाटलं गेला एलडीपी.

गेलं कोण? समाजवादी! १९९० ला १३६ जागा होत्या, १९९३ ला ७०. जून १९९४ मध्ये एलडीपीने त्याच जुन्या वैऱ्याचा हात धरला, समाजवादी मुरायामांना पंतप्रधान केलं. त्या खुर्चीसाठी समाजवाद्यांनी चाळीस वर्षांची भूमिका सोडली, स्वसंरक्षण दलं घटनाबाह्य आहेत हे म्हणणं सोडलं, अमेरिकेशी सुरक्षा करार मान्य केला. मग त्यांना मत द्यायचं कशासाठी? १९९६ ला नव्या कायद्याखाली पहिली निवडणूक झाली आणि ते १५ वर. हरलेला सत्ताधारी परत आला आणि कायमचा विरोधक संपला. हे निवडणुकीनंतर पुढाऱ्यांनी जे निर्णय घेतले त्यामुळे झालं, मतदार किंवा कायद्यामुळे आधीच ठरलेलं नव्हतं.

---

आकडेमोड

जाता जाता ग्रीस. पासोक हा समाजवादी पक्ष २००९ ला जवळजवळ ४४ टक्के, मे २०१२ ला १३ टक्के. कर्जसंकटात पगार आणि पेन्शन कापणारं सरकार त्यांचं होतं म्हणून. डावा सिरिझा पक्ष साडेचारवरून पावणेसतरावर. सरकार बनेना म्हणून जूनमध्ये परत मतदान, सिरिझा २७ च्या आसपास. म्हणजे मतमतांतर यांची दुसरी निवडणूक तिथे सहा आठवड्यांत झाली. तिथे पहिल्या येणाऱ्या पक्षाला ५० जागा बक्षीस मिळत होत्या, त्यामुळे लोकांनी घाईने दोन नवी टोकं निवडली.

---

नवखा_वाचक

म्हणजे एका झटक्यात झालं आणि टिकलं असं उदाहरण नाहीच का एखादं?

---

मतमतांतर

एक आहे, आणि ते १९७७ चंच आहे. आपल्याकडच्या निकालानंतर दोन महिन्यांनी, १७ मे १९७७, इस्रायल. १९४८ पासून लेबरवाले सलग सत्तेत. मेनाखेम बेगिन आधीच्या आठच्या आठ निवडणुका हरलेले. त्या रात्री त्यांचा लिकुड ४३, लेबरची आघाडी ३२. टीव्हीवरच्या निवेदकाने उलथापालथ या अर्थाचा महापाख हा शब्द वापरला आणि तिथे आजही त्या निवडणुकीला तेच म्हणतात.

तिथेही मुळं जुनी होती. पन्नासच्या दशकात अरब देशांतून आलेल्या ज्यूंना आधी तंबू-पत्र्यांच्या छावण्यांत ठेवलं, त्यांना कमी लेखलं गेलं, त्यांची पोरं मोठी झाली आणि त्यांनी मत दिलं. पण बेगिन यांनी हरत असताना आपलं घर एकोणतीस वर्षं लावून ठेवलं होतं, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी इतका वेळ हरलेल्या सत्ताधाऱ्याच्या घराबद्दलच बोलत होतो, ज्याच्याकडे मतदार जाणार त्याचं घर तयार आहे का हे बघितलंच नव्हतं. जनता पक्षाचं तयार नव्हतं.

दुसरी निवडणूक १९८१. लिकुड ४८, लेबर ४७. एका जागेवर निभावलं.

---

दूरदेशी

आणि १९७७ ला तिथे डॅश नावाचा अगदी नवा पक्ष १५ जागा घेऊन तिसरा आला होता, प्राध्यापक, माजी सेनाधिकारी, स्वच्छ माणसं, लेबरला कंटाळलेले. लेबरची मतं मुख्यतः त्यांनीच खाल्ली. १९८१ ला तो पक्ष रिंगणातच नव्हता, त्यातून फुटलेल्या शिनुईला २ जागा मिळाल्या. माझ्या त्या टोरोंटोच्या घरमालकांनी मला अकरा वर्षांनी, २००४ च्या निवडणुकीत, पत्रातून कळवलं होतं की हिरवळीवर परत निळी पाटी लावली आहे, फक्त तिच्यावरून प्रोग्रेसिव्ह हा शब्द गेला आहे.